साठ विरुद्ध साठ

“तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे,” जोडेवाला म्हणाला, आणि बाईंना उगाचच कुणीतरी आपली चोरी पकडल्यासारखं झालं. एकाहत्तर वर्षं हे दोन पाय त्यांनी वापरले होते. धुतले, पुसले, पळवले, सुजल्यावर गरम पाण्यात सोडले. पण शेजारी शेजारी ठेवून मोजायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. जोडेवाल्याने लाकडी पट्टीवरची पितळी खूण पुन्हा मागेपुढे सरकवून पाहिली, चष्मा कपाळावर ढकलला आणि खात्रीने मान हलवली. “चांगला अर्ध्या नंबराने मोठा. वर्षानुवर्षं एकाच पायावर भार टाकून उभं राहिलं की होतं असं. न्हाव्यांचं होतं, शिक्षकांचं होतं.” त्याने आपल्याला ओळखलंय, हे बाईंच्या लक्षात आलं होतं. त्या दुकानात शिरल्या तेव्हा रेडिओवर त्यांच्याबद्दलच चाललं होतं आणि त्याने पुढे होऊन तो बंद केला होता. पण तो बोलत राहिला ते फक्त पायांबद्दल, टाचेबद्दल, आतल्या मऊ तळव्याबद्दल. बाईंना त्याचे फार उपकार वाटले. सकाळपासून त्यांच्याशी दुसऱ्या कशाबद्दल बोलणारा हा पहिलाच माणूस होता. बाकी सगळ्यांना त्यांचं मत हवं होतं.

दुपारी तीनला सभागृहात मतदान होतं. चार महिन्यांवर आलेली निवडणूक दोन वर्षं पुढे ढकलायची आणि तोवर आहे तेच सभागृह चालू ठेवायचं, असं विधेयक पंतप्रधानांनी आणलं होतं. कारखाने बंद पडताहेत, लोक बेकार होताहेत, अशा वेळी निवडणुकीचा गोंधळ कशाला, असं त्यांचं म्हणणं. सभासद एकशेएकवीस. त्यातल्या बाई सभापती, आणि सभापतींनी मत द्यायचं नसतं. दोन्हीकडची मतं सारखी झाली तरच द्यायचं. गेले तीन दिवस दोन्ही बाजू आपापली डोकी मोजत होत्या आणि दोन्हीकडे उत्तर एकच येत होतं. साठ आणि साठ. त्यामुळे सकाळी साडेसातपासून घरचा फोन थांबायला तयार नव्हता. फोन उचलायचं काम वन्संकडे होतं. वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, तोंडाने फटकळ, आणि सहा वर्षांपूर्वी भाऊ गेल्यावर या घराची खरी मालकीण. ‘ती आंघोळीला गेलीय’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सतराव्या फोनला त्यांनी “हो, अजून आंघोळच चाललीय. काय करणार, मुळात मळकीच फार आहे ती,” असं सांगितलं आणि बाई हसू दाबत मागच्या दाराने बाहेर पडल्या. जुन्या जोड्यांच्या टाचा झिजल्या होत्या, एवढं निमित्त पुरे होतं.

नवे जोडे घालून त्या रस्त्याला लागल्या. डाव्या पायातला जोडा नीट बसला होता, उजव्यात मात्र पाय किंचित हलत होता. फूटपाथवरून चालताना एकाच पायावर कधी एवढं उभं राहिलो, याचा त्यांचं मन शोध घेऊ लागलं, आणि ते सरळ जाऊन थांबलं टेलिफोन एक्स्चेंजच्या चौथ्या मजल्यावर. चाळीस खुर्च्यांची रांग, समोर भोकांची काळी भिंत, भोकांवर लुकलुकणारे दिवे. कानाला पट्टा लावायचा, दिवा लागला की दोरीचं टोक भोकात खुपसायचं, ‘कोणता नंबर हवाय?’ विचारायचं, दुसरं टोक दुसऱ्या भोकात घालायचं आणि बाजूला व्हायचं. एका माणसाला दुसऱ्या माणसाशी जोडून आपण बाजूला व्हायचं. बाईंना ते काम आवडायचं. आवडायची नाही ती खुर्ची. परवानगीशिवाय खुर्चीतून उठायचं नाही असा नियम होता. लघवीला जायचं तरी हात वर करून बसायचं, आणि मागे फेऱ्या घालणाऱ्या सुपरवायझरला वाटेल तेव्हा ती मान हलवणार. एका सकाळी शेजारची, सातवा महिना लागलेली, हात वर करून पाऊण तास बसली आणि मग तशीच, कानाचा पट्टा कानाला, खुर्चीतून खाली घसरली. तिच्या बोर्डावर सहा दिवे लागलेले होते. सुपरवायझर म्हणाली, “तिच्या लाइनी कुणीतरी घ्या.” तेव्हा बाई नुसत्या उठून उभ्या राहिल्या. घोषणा नाही, भाषण नाही, पुढे काय करायचं ते ठाऊक नाही. नुसत्या उभ्या. मागे बघायची हिंमत नव्हती. मग डावीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग उजवीकडे, मग पाऊस सुरू व्हावा तसा सगळीकडून खुर्च्यांचा आवाज. सहा दिवस अख्खं शहर मुकं होतं. तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या, आणि खुर्च्यांचा तो आवाज आठवला की आजही त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

दोन वर्षांनी त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा विरोधकांनी त्यांना ‘हॅलोबाई’ म्हणायला सुरुवात केली. राज्यकारभार म्हणजे काय फोनवर हॅलो म्हणणं वाटलं का, असा त्यातला टोमणा. बाई रडकुंडीला आल्या होत्या. नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. दिवसभर उलटी अक्षरं वाचून त्याला जगातली प्रत्येक गोष्ट उलटून बघायची सवय लागली होती. त्याने आपल्या हाताने पत्रक जुळवलं. वर सगळ्यात मोठ्या खिळ्यांत दोनच ओळी: ‘हॅलो! मी तुमच्या वतीने बोलतेय.’ दोनशे बारा मतांनी त्या निवडून आल्या आणि हॅलोबाई हे नाव त्यांना असं चिकटलं की पुढे परदेशी पाहुण्यांची ओळख करून देतानाही लोकांच्या तोंडून तेच निसटायचं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते अकरा तासांचं भाषण केलं. गिरणीतल्या कामगारांना नोटिशीशिवाय काढून टाकायची मुभा देणारा कायदा सत्राच्या शेवटच्या दिवशी घाईने मंजूर करून घ्यायचा बेत होता. बोलणारा सभासद जोवर उभा आहे तोवर त्याला थांबवता येत नाही, हा नियम बाईंनी शोधून काढला. आदल्या दिवशी जिन्यात पडून उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. सकाळी नऊला त्या उठल्या आणि रात्री आठला सत्र संपेपर्यंत बसल्या नाहीत. तीन हजार चारशे कामगारांची नावं त्यांनी एकेक करून वाचली. प्रत्येकाचं काम, प्रत्येकाची नोकरीची वर्षं. दुपारनंतर समोरच्या बाकांवरचे लोक चेष्टा करायचे थांबले. संध्याकाळी तर एका विरोधी सभासदाने, त्याच्या मामाचं नाव आलं म्हणून, बाकावर हात थोपटला. सारा वेळ त्या डाव्या पायावर होत्या. म्हणजे तो तेव्हाच वाढला असणार, बाईंना वाटलं, आणि भर रस्त्यात त्यांना स्वतःच्या पायाचं असं काही कौतुक वाटलं की समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला तो दाखवावा. ‘तुझं नाक फार वर असतं,’ असं वन्सं नेहमी म्हणायच्या. असेलही. पण खाली बघून चालणाऱ्या बायका त्यांनी एक्स्चेंजमध्ये पुष्कळ पाहिल्या होत्या. आपलं एक नाक वर राहिलं तर जगाचं काही बिघडत नव्हतं.

सभापतींच्या दालनात पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते आणि खिडकीपाशी पंतप्रधान उभे होते. दार न ठोठावता आत येणारा त्या इमारतीतला हा एकटाच माणूस. तीस वर्षांपूर्वी, बाईंच्या तिसऱ्या निवडणुकीत, एका वकिलाच्या कचेरीतून तो त्यांच्याकडे आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. अर्ज असे लिहायचा की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नकार द्यायची लाज वाटावी. बाईंनी त्याला बोलायला शिकवलं, गप्प बसायला शिकवलं, गर्दीत माणसाचं नाव आठवत नसेल तर त्याच्या आईची तब्येत विचारायची हेही शिकवलं. चारचौघांत त्या त्याला ‘माननीय’ म्हणायच्या. इथे दार बंद होतं.

“बस,” बाई म्हणाल्या.

तो बसला नाही. तांब्यातलं पाणी त्याने स्वतःच ओतून पेला त्यांच्यासमोर ठेवला. “ताई, मी विनवायला आलोय, धमकवायला नाही. दोनच वर्षं. आत्ता निवडणूक घेतली तर आपण हरू. हरलो तर मी सुरू केलेलं सगळं काम ते पहिल्या महिन्यात मोडून टाकतील. नवीन कारखाने अर्ध्यावर आहेत. तुम्हाला खोटं वाटतंय का?”

“नाही. खरंच आहे ते.”

“मग?”

“मग काही नाही. हरावं. मीही एकदा हरता हरता वाचलेय, दोनशे बारा मतांनी.”

“थट्टा करू नका, ताई. लोक घाबरलेत. घाबरलेला माणूस मत देतो ते चुकीचं देतो.”

“आणि तुझं-माझं बरोबर असतं?” बाई म्हणाल्या. “आपण काय कमी घाबरलोय?”

तो टेबलाला वळसा घालून जवळ आला. मग हळू आवाजात म्हणाला, “मार्चमध्ये राष्ट्रपतींची मुदत संपतेय. मी सगळ्यांशी बोललोय. तुमच्याशिवाय दुसरं नाव नाही. हे आजच्यासाठी सांगत नाही, खरंच सांगतोय. हे मी दहा वर्षांपूर्वीच मनाशी ठरवलं होतं.”

आणि तो खरंच सांगत होता, हीच तर पंचाईत होती. बाईंना त्या क्षणी राष्ट्रपतींच्या निवासाचा तो पांढरा जिना दिसला, दोन्ही बाजूंना उभे असलेले सैनिक दिसले, आणि जिन्यावरून सावकाश चढणारी एक म्हातारी दिसली, एक्स्चेंजमधली. आपल्याला हे हवंय, त्यांनी स्वतःशी कबूल केलं. भरपूर हवंय. वन्संना त्या जिन्यावर शेजारी उभं करायचंय आणि त्या काय बोलतात ते ऐकायचंय.

“तुला माझी नगरपालिकांवरची सही आठवते?” त्यांनी विचारलं.

त्याने मान वळवली. आठवत होती. एकोणीस वर्षांपूर्वी बाई नगरविकास मंत्री असताना मोठा पूर आला होता. पूर ओसरेपर्यंत, सहाच महिने, नगरपालिकांच्या निवडणुका पुढे ढकलायच्या, असा कागद समोर आला आणि त्यांनी मुळीच न कचरता सही केली असं नव्हतं; थोड्या कचरल्या, आणि केली. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची चार झाली. दर वेळी कारण चांगलंच होतं. दर वेळी सही त्यांचीच होती. नगरसेवकांच्या जागी अधिकारी बसले. ते काही वाईट नव्हते, फक्त ते कुणाला उत्तर देणं लागत नव्हते. चौथ्या वर्षी नदीकाठच्या वस्तीतल्या बायका त्यांना भेटायला आल्या होत्या. पाण्याच्या टाकीत दोन महिने गटार मिसळत होतं, लेकरं आजारी पडत होती, आणि अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता. त्यांच्यातली एक, तोंडाचं बोळकं झालेली, बाईंच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली होती, “हॅलोबाई, मत नाही द्यायचं तर नाही द्यायचं. पण मग आम्ही शिव्या तरी कुणाला द्यायच्या, तेवढं सांगा.” सगळ्या हसल्या होत्या. बाईही हसल्या होत्या. तो महिना संपायच्या आत त्या वस्तीतली दोन मुलं दगावल्याची बातमी आली, आणि त्या हसण्याची आठवण अजूनही बाईंना जेवताना मध्येच घास थांबवायला लावायची. आयुष्यात त्यांनी पुष्कळ सह्या केल्या. अभिमानाने सांगाव्यात अशा कितीतरी. ही एक कुणी विचारत नसे, म्हणून त्या स्वतःच स्वतःला विचारत.

“तेव्हा तुम्ही सही केलीत,” पंतप्रधान म्हणाले, “आणि आज मला अडवणार?”

“हो. म्हणूनच अडवणार. मी केली नसती तर कदाचित तुझं पटलंही असतं मला.”

“पक्ष तुम्हाला ठेवणार नाही. माझ्या हातात राहणार नाही ते.”

“तुझ्याच हातात आहे ते, आणि तू करशील. मीच शिकवलंय ना तुला.” बाई पाणी प्यायल्या. “जा आता. जेवून घे. उपाशीपोटी हरू नकोस.”

तो दाराशी गेला, थांबला, आणि जुन्या सवयीने वाकून त्यांच्या खुर्चीचा सरकलेला पाय नीट करून बाहेर पडला. बाईंना एकदम फार एकटं वाटलं. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं.

त्याच्यामागून सभागृहाचे सचिव जाड पुस्तक काखेत मारून आले. चौतीस वर्षं त्यांनी या पुस्तकातले नियम सभापतींच्या कानात कुजबुजले होते. त्यामुळे मोठ्याने बोलायची त्यांची सवयच गेली होती. “बरोबरी झाली तर सभापतींनी कुठल्या बाजूने मत द्यावं, याबद्दल काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं. सचिवांनी पुस्तक उघडलं नाही. “काही लिहिलेलं नाही, बाई. मत द्यावं, एवढंच आहे. कसं द्यावं ते लिहायला विसरले बहुतेक.” मग ते म्हणाले, “आधीचे सभापती म्हणायचे, शंका असेल तर आहे तो कायदा बदलू नये.” बाई म्हणाल्या, “मला शंकाच नाही हो. तीच तर भीती वाटतेय.” सचिव कुजबुजत हसले.

तीनला घंटा झाली. उंच खुर्चीवरून बाईंना सगळं सभागृह नेहमीसारखंच दिसत होतं: अर्धवर्तुळात मांडलेले बाक, वर पत्रकारांची गॅलरी, हिरव्या गालिच्यावर मध्यभागी पडलेला उन्हाचा चौकोन. मतं घ्यायला सुरुवात झाली. एकेक सभासद उभा राहून ‘बाजूने’ किंवा ‘विरोधात’ म्हणत होता आणि सचिव रेघा मारत होते. चाळिसाव्या मताला बाईंच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात प्रार्थना करतोय: कुणीतरी फुटू दे, कुणीतरी बाहेर पान खायला जाऊ दे, एकसष्ट होऊ दे, कुणाचेही होऊ देत. मग त्यांना स्वतःची लाज वाटली. बेचाळीस वर्षं ज्या खुर्चीसाठी, ज्या आवाजासाठी झगडलो, तो वापरायची वेळ आली आणि आपण कुणी बाहेर जातंय का बघतोय! शेवटचा सभासद बसला. सचिवांनी दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा केली, आणि कागद वर दिला. त्यावर फक्त दोन आकडे होते आणि दोन्ही सारखे होते. गॅलरीत कुणाच्या तरी पेन्सिलीचं टोक मोडलेलं खालपर्यंत ऐकू आलं.

सभापती बसूनच बोलतात. बाई उभ्या राहिल्या. का, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. एकशेएकोणीस चेहरे वर वळले, पहिल्या बाकावरचा एक चेहरा मात्र वळला नाही. तो आपल्या हातांकडे बघत होता. बाईंनी घसा साफ केला. भाषण तयार होतं, तीन वाक्यांचं, चांगलं होतं. नवरा असता तर त्याने मोठ्या खिळ्यांत जुळवलं असतं. पण ते त्यांनी म्हटलंच नाही. “बाजूने साठ, विरोधात साठ,” त्या म्हणाल्या, “सभापतींचं मत विरोधात. विधेयक नामंजूर. निवडणूक ठरल्या तारखेला होईल.” आवाज हलला नाही. तो एक्स्चेंजमधला आवाज होता, स्वच्छ, सपाट, कुणाच्याही बाजूचा नसलेला: जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. त्या खाली बसल्या तेव्हा समोर आरडाओरड सुरू झाली होती. कुणी कागद फाडत होतं, कुणी रडत होतं, मागच्या बाकांवरून ‘गद्दार’ असा शब्द दोनदा आला. बाई तो शब्द ऐकत राहिल्या आणि त्यांना आश्चर्य वाटलं, की तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीये. छातीत मात्र काहीतरी भरून येत होतं, रुंद, ऊबदार, जुन्या ओळखीचं. याला अभिमान म्हणत असतील तर म्हणोत.

नऊ दिवसांनी पक्षाने त्यांना काढून टाकलं. पत्र चांगल्या भाषेत होतं. मसुदा कुणाचा ते बाईंनी पहिल्या ओळीत ओळखलं. सभापतिपद गेलं, सरकारी बंगला गेला, गाडी गेली. वन्संनी तीन दिवसांत सामान बांधलं आणि जुन्या दोन खोल्यांच्या घरात आल्यावर स्वयंपाकघराची फळी पुसत म्हणाल्या, “बरं झालं बाई. त्या बंगल्यात मला रोज वाटायचं, कुणाकडे तरी पाहुणी आलेय.” मग पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, “आज तो असता ना, तर पत्रक छापायला बसला असता.” बेचाळीस वर्षांत वन्संनी केलेली ही पहिली स्तुती. बाईंनी ती ऐकू न आल्यासारखं केलं, नाहीतर वन्संनी ती परत घेतली असती.

निवडणूक ठरल्या तारखेला झाली. मतदानाचं केंद्र एका शाळेत होतं. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. रांगेतले लोक बाजूला होऊन पुढे जा म्हणाले तेव्हा बाईंनी हात हलवून नको म्हटलं आणि वन्संसकट तासभर रांगेत उभ्या राहिल्या. कागद हातात घेऊन त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. आठ निवडणुका त्यांनी हा कागद पाहिला होता, म्हणजे खरं तर पाहिला नव्हता. हात आपोआप स्वतःच्या नावाकडे जायचा, खूण करायचा आणि घडी घालायचा. आज कागदावर तीन नावं होती आणि तिन्ही परकी. एक पक्षाने आयत्या वेळी दिलेला व्यापारी. दुसरी एक शाळामास्तरीण, तीनदा बाईंविरुद्ध उभी राहून तीनदा आपटलेली. बाईंनी तिच्याबद्दल सभांमधून काय काय म्हटलं होतं, ते एकदम सगळं आठवलं. तिसरा एक अपक्ष डॉक्टर, ज्याचं पत्रक बाईंनी न वाचता वन्संच्या फळीवर डब्यांखाली घातलं होतं. मास्तरीण खरं तर काय म्हणत होती? शाळांबद्दल काहीतरी होतं. आपण तेव्हा ते ऐकलं होतं की नुसतं खोडलं होतं? बाईंनी पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. चाळीस वर्षांत हजारो लोकांनी आपल्यासाठी या आडोशामागे उभं राहून हे केलं, आणि ते इतकं अवघड आहे, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

“बाई, झालं का?” बाहेरून मतदान अधिकाऱ्याने विचारलं. अगदी कोवळा आवाज होता, त्यांना न ओळखणारा. “मागे रांग खोळंबलीय.”

“थोडं खोळंबू दे,” बाई आतून म्हणाल्या. “विचार करतेय.”